नकाशासारखा शंख

"तो जिवंत आहे. ठेव खाली," मालिनीबाई म्हणाल्या.

मी शंख आणखी घट्ट धरला. ओहोटीने समुद्र पार मागे गेला होता आणि आम्ही दोघी घोटाभर पाण्यात, प्रवाळाच्या खडकांवर उभ्या होतो. एका सपाट दगडाखाली, वाळूत अर्धा पुरलेला तो मला सापडला होता. बोटाएवढा लांब, एका टोकाला रुंद, दुसरीकडे निमुळता, आणि वजनाला इतका हलका की आत काही असेल असं वाटूच नये. दुधी अंगावर तपकिरी डाग आणि जाळी अशी पसरली होती की शाळेतला जुना, विटलेला नकाशा आठवावा.

"रिकामे शंख किनाऱ्यावर पडलेत. हवे तेवढे घे," त्या म्हणाल्या. "असा तुकतुकीत असला की आत जनावर असतं."

"असू दे."

"चारू, बाबांनी सांगितलंय ना, इथल्या पाण्यात उगाच कशाला हात लावायचा नाही म्हणून."

"ते मला सांगितलंय की तुम्हाला?"

त्या साडीचा ओचा सावरून समुद्राकडे बघत राहिल्या. दिवसातून किती वेळा तरी त्या असं बघायच्या, आणि मला त्याचाही राग यायचा.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. वेंगुर्ल्याला आत्याकडे राहून टायपिस्टची एक नोकरी धरली आणि सोडली होती. एक स्थळ नाकारलं होतं आणि दुसरं ठरायच्या आत बाबांकडे पळून आले होते. बाबा अंदमानातल्या एका लहानशा बेटावर दीपगृहाचे मुख्य होते. बेटावर मनोरा, दोन क्वार्टर, वायरलेसची खोली, माडांची रांग आणि एक लाकडी धक्का. माणसं म्हणाल तर बाबा, त्यांचा मदतनीस तोमस, आणि मालिनीबाई. आई गेल्यानंतर बाबा बरीच वर्षं एकटे होते. आदल्या वर्षी सुट्टीवर आले, शिरोड्याच्या एका प्रसूतिगृहातल्या नर्सबाईंशी रजिस्टर लग्न केलं आणि त्यांना इथे घेऊन आले. मला ते नंतर कळलं.

त्यांना मी आई म्हणणार नव्हते, मावशी म्हणणार नव्हते. बाई म्हणायचे, तेही नाइलाज झाला तर.

बेटावर पाय ठेवल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं. मनोऱ्याच्या पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, धक्क्यापर्यंत जायचं, परत यायचं. आणि जिथे जावं तिथे या बाई आधीच काहीतरी करत असायच्या. घासलेली भांडी पुन्हा घासायच्या. फडताळ रिकामं करून पुन्हा लावायच्या. आपली नर्सची कात्री आणि चिमटे काढून उकळत ठेवायच्या, पुसायच्या, परत डब्यात भरायच्या. कोणासाठी, देव जाणे. मला वाटायचं, हे सगळं मला दाखवायला चाललंय, की बघ, हे घर आता माझं आहे. दोन-तीन दिवसांत सामानाची बोट यायची होती. ती येण्याआधी बाबांना एकट्याला गाठून सांगायचं मी पक्कं केलं होतं, की या राहतील किंवा मी राहीन. त्या सकाळी बाबांनीच आम्हाला बळेबळे फिरायला धाडलं होतं. "दोघी जरा मोकळ्या हवेत जाऊन या," म्हणाले होते, जणू बेटावर दुसरी कुठली हवा होती.

"चल, पाणी चढायला लागलं," बाई म्हणाल्या.

त्याच वेळी तळहातात काहीतरी टोचलं. शिवताना सुई लागावी, तेवढंच. मी मूठ उघडली. शंखाच्या निमुळत्या टोकातून एक मऊ, लालसर नळी बाहेर आली होती आणि आत जात होती. मी तो पाण्यात भिरकावला.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्हाला नको होता ना, टाकला."

हातावर एक बारीक लाल ठिपका होता. दुखत जवळजवळ नव्हतंच. मी मूठ मिटून घेतली.

माडांपाशी पोचलो तोवर हात कोपरापर्यंत बधिर झाला होता. मग ओठ. मी जीभ फिरवून बघितली तर ओठ दुसऱ्या कोणाचे तरी असावेत तसे लागले. मनोरा दोन दिसायला लागला. मी डोळे चोळले, तरी दोनच. बाई पुढे चालत होत्या आणि त्यांना हाक मारायची म्हणजे हरायचं, असं तेव्हाही माझ्या मनात येत होतं. शेवटी पडवीच्या पायरीवर पाय टाकायला गेले आणि तो उचललाच गेला नाही.

बाईंनी वळून पाहिलं.

"चारू? अशी का उभी आहेस?"

मी सांगायला गेले. तोंडातून नुसता लाळ घोळल्यासारखा आवाज आला. त्यांनी धावत येऊन माझी हनुवटी धरली, पापणी वर करून पाहिली, मग माझी मूठ उघडली.

"यानं चावलं? त्या शंखातल्यानं? कधी? तिथेच?"

मला मान हलवता आली नाही. त्यांनी मला पडवीत आडवं केलं आणि बाबांना हाक मारली. एवढी मोठी हाक त्यांना मारता येत असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्यानंतरचं मी पाहिलं नाही. पापण्या आपोआप मिटल्या आणि पुन्हा उघडेनात. पण ऐकू सगळं येत होतं. बाबांची धाव, त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा, तोमसच्या रबरी चपला. छाती वर यायची मंदावली. हवा समोर होती, नाकापाशी होती, आणि आत ओढायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. ती भीती कशी सांगू. आत मी हातपाय झाडत होते, किंचाळत होते, आणि बाहेर बोटसुद्धा हलत नव्हतं.

मग कोणीतरी माझं डोकं मागे केलं, नाक चिमटीत धरलं, आणि लवंगेच्या वासाची गरम हवा माझ्या आत शिरली. छाती वर आली. खाली गेली. पुन्हा हवा आली.

"मालिनी, काय करतेयस?" बाबांचा आवाज कापत होता.

"श्वास देतेय." हवा. "वायरलेसवर डॉक्टरला बोलवा." हवा. "विचारा, काय करायचं."

बाबा गेले नसावेत, कारण थोड्या वेळाने त्यांचा हात माझ्या कपाळावर आला. बर्फासारखा. ते माझं नाव घेत होते. मग त्यांनी माझी पापणी उचलली, मला नुसता धूसर उजेड लागला, आणि ते म्हणाले, "डोळ्यांत काहीच नाही गो हिच्या. मालिनी, ती गेली. सोड आता. नको तिचे हाल करूस."

मी इथे आहे, बाबा. मी इथेच आहे. मी हे किती मोठ्याने म्हटलं असेल.

"तुमचं बोट द्या इकडे," बाई म्हणाल्या. त्यांनी बाबांचं बोट माझ्या मानेवर दाबून धरलं असावं. "लागतंय?"

बाबा रडायला लागले.

"नंतर रडा. वायरलेसवर जा. तोमस, तुम इधर आव, देखो मैं कैसे करती हूँ. मेरे बाद तुम."

बाबा गेले. किती वेळाने कोण जाणे, ते धापा टाकत परत आले. पोर्ट ब्लेअरच्या डॉक्टरशी बोलणं झालं होतं. शंखाच्या विषाला औषध नाही, ते म्हणाले होते. पण विष आपणहून उतरतं. तोवर तिच्या वाटचा श्वास कोणीतरी घेत राहा. थांबलात तर संपलं. बोट निघाली तरी आज पोचणार नव्हती.

"बास, एवढंच हवं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही वायरलेसच्या सेटजवळ बसा. इथे तुमचे हात कापतायत, काही उपयोग नाही त्यांचा."

त्या आणि तोमस आळीपाळीने करत राहिले. तोमसच्या मिशा टोचायच्या आणि तो जरा जास्तच जोरात फुंकायचा. बाईंनी त्याला दोनदा दटावलं. "धीरे. बच्चे को देते हैं वैसे." जन्मल्यावर न रडणाऱ्या किती पोरांना त्यांनी अशी हवा दिली होती, ते मला नंतर कळलं.

माझ्या गालावर एक माशी बसली होती. ती ओठाच्या कोपऱ्याकडे सरकत होती आणि ती उडवावी यापलीकडे जगात मला काही नको होतं. ऊन पडवीत शिरलं, पायांवर चढलं. घोटभर पाणी, कूस बदलणं, खोकणं, हे सगळं कुठेतरी लांब, दुसऱ्या किनाऱ्यावर राहिलं होतं.

तोमसची पाळी चालू होती तेव्हा बाई माझ्या उशाशी भिंतीला टेकून बसल्या असाव्यात. त्यांच्या श्वासाची धाप ऐकू येत होती. ती कमी झाल्यावर त्या बोलायला लागल्या. मराठीत, हळू, कामात असलेली बाई स्वतःशी बोलते तशा. तोमसला मराठी येत नव्हतं आणि माझ्यात कोणी आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

"तुला मी आवडत नाही. ठीक आहे. माझाही काही जीव अडकलेला नाही तुझ्यात. आल्यापासून तोंड फुगवून हिंडतेस."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू येणार कळलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुझ्यासाठी नाही. म्हटलं, पोरगी आली की यांना सोबत होईल. मग मी या बोटीने निघेन. ट्रंक भरून ठेवली होती मी. कॉटखाली आहे."

तोमस फुंकत होता. छाती वर, छाती खाली.

"इथे मला वेड लागेल गं. एक बाळंतपण नाही, एक ताप नाही, कोणाचं खरचटलेलं नाही. सकाळी उठावं आणि हातांना काही कामच नाही. मी कात्र्या उकळत बसते. तो समुद्र एक क्षण गप्प बसत नाही. आणि तुझे बाबा इतके चांगले आहेत. तोच त्रास आहे. वाईट असते तर पहिल्याच बोटीने गेले असते. रोज ठरवते आज सांगायचं. ते चहाचा कप घेऊन समोर येतात आणि माझी जीभ उचलत नाही."

मग त्यांची पाळी आली. आता त्यांचे शब्द दोन श्वासांच्या मधल्या फटीतून येऊ लागले.

"आता तू गेलीस तर," हवा. "मला इथून जन्मात हलता येणार नाही." हवा. "त्या माणसाला असं टाकून," हवा. "कोण जाईल?" हवा. "तेव्हा जगायचंस." हवा. "त्यांच्यासाठी नको," हवा. "तुझ्यासाठी नको." हवा. "माझ्यासाठी जग." हवा. "मला सोडव."

माझ्या गालावर काहीतरी पडत होतं. घाम असेल. त्या थांबल्या नाहीत. तोमसने "मैं करता हूँ, दीदी" म्हटलं तरी बराच वेळ त्याला जागा दिली नाही.

उन्हं उतरली होती तेव्हा माझ्या डाव्या पापणीत काहीतरी फडफडलं. बाईंना ते लगेच दिसलं. त्या गप्प झाल्या, श्वास देत राहिल्या, पण मधे मधे थांबून कान माझ्या नाकाशी नेऊ लागल्या. पडवीत कंदील लागल्यावर कधीतरी त्यांनी तोमसचा हात धरला.

"ठहरो. जरा ठहरो."

छाती वर आली. मी आणली. फार थोडी, कुत्र्याच्या पिल्लाची असावी तेवढी. पण माझी.

बाबा धावत आल्याचा आवाज आला. बाई उठून घरामागे गेल्या आणि त्यांना ओकारी झाल्याचं मी ऐकलं. मग बराच वेळ त्या तोंडावर पाणी मारत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बोलू शकत होते. बाईंच्या ओठांना आतून चिरा पडल्या होत्या, त्यांना तिखट खाता येत नव्हतं. त्या मला पेज भरवत होत्या. चमचा मधेच थांबवून त्यांनी विचारलं, "मधे तुला काही कळत होतं का? काही ऐकू येत होतं?"

"नाही," मी म्हणाले. "झोपल्यासारखं होतं. काही आठवत नाही."

त्यांनी चमचा पुन्हा बुडवला.

बोट एक दिवस उशिरा आली. तोवर माझी ताकद बरीच परत आली होती. ज्या हाताला टोचलं होतं तो सगळ्यात शेवटी सुधारला, पण तोही सुधारला. मला आता एकच अस्वस्थता होती. मी बाईंच्या मागे मागे डोळ्यांनी फिरत होते. त्या आता समुद्राकडे बघत नव्हत्या. ती ट्रंक त्यांनी रिकामी केली होती, साड्या पुन्हा फडताळात लावल्या होत्या. बाबांना तसं रडताना पाहिल्यावर त्यांनी जाण्याचं मनातून काढून टाकलं असावं. भांडी पुन्हा पुन्हा घासत नव्हत्या. काहीतरी संपवून टाकावं तशा शांत झाल्या होत्या, आणि ती शांतता मला बघवत नव्हती.

बोटीवरचं सामान उतरत होतं तेव्हा बाबा म्हणाले, "चारू, तू पोर्ट ब्लेअरला जाऊन डॉक्टरला दाखवून घे. तोमस येईल सोबत. पाच-सहा दिवसांत ही बोट फिरून येईल, त्यातून परत ये."

"मी परत येणार नाही, बाबा. मी वेंगुर्ल्याला जाईन."

"एवढा प्रवास? या अंगानं?"

"म्हणून तर. बाईंना माझ्याबरोबर पाठवा. वेंगुर्ल्यापर्यंत. आणि तिथे राहूही द्या."

बाईंच्या हातात तांदळाचं सूप होतं. त्या पाखडायच्या थांबल्या.

"राहू द्या म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"माझा हात चालत नाही. बोटं मिटत नाहीत. आत्याच्यानं आता काही काम होत नाही. मला कोणीतरी लागेल, महिना दोन महिने नव्हे, जास्त. नर्सच हवी. दुसरी कोण आहे आपल्याकडे?"

मी हात मांडीवर टाकून दिला होता, मेलेल्या माशासारखा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"मालिनी, खरंच एवढं आहे का हाताला? काल तर पेला धरला होता तिनं."

बाईंनी सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसत आल्या आणि माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. माझा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. एकेक बोट दुमडून बघितलं, अंगठ्याखालच्या मांसात दाबलं, मनगट सैल सोडून पाहिलं. शेकडो अंगं हाताळलेला तो हात होता. त्याच्यापुढे काय सोंग टिकणार. मी वर बघितलं नाही. त्यांचं एक बोट माझ्या तळहातावर जिथे ठिपका होता तिथे येऊन थांबलं, आणि मला कळलं की त्यांना कळलं. हाताचंही आणि पडवीतलंही.

त्यांनी माझा हात सोडला नाही.

"हो," शेवटी बाबांकडे न बघता म्हणाल्या. "मुळातच शीर धरली गेलीय. वेळ लागेल याला."

बाबांनी मान हलवली. "मग जा," म्हणाले. "बोट थांबायची नाही फार."

ट्रंक पुन्हा भरायला वेळ लागला नाही. धक्क्यावर बाबांनी ती स्वतः उचलून दिली. बाईंना त्यांनी एवढंच विचारलं, "लवंगा घेतल्यास?" आणि बाई मान वळवून बोटीत चढल्या.

बोट लांब गेल्यावर आम्ही दोघी कठड्याला टेकून उभ्या होतो. वारा होता. मी उडणारे केस धरायला हात वर केला, आणि मग लक्षात येऊन खाली घेतला.

"राहू दे आता," बाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "सगळं ऐकलंस?"

"तुमचा माझ्यात जीव अडकलेला नाही, इथपासून."

त्या पहिल्यांदा हसल्या. ओठाच्या चिरा उकलल्या असाव्यात, कारण लगेच पदर तोंडाला लावला. त्यापुढे आम्ही त्या दिवसाबद्दल कधीच बोललो नाही.

बाई शिरोड्याला परत कामावर लागल्या. मी वर्षभर त्यांच्याच खोलीत राहिले, मग बँकेत लागले. बाबा सुट्टीवर यायचे तेव्हा तिथेच उतरायचे, पाहुण्यासारखे संकोचून. पुढे त्यांची बदली इकडच्या किनाऱ्यावर झाली आणि ते दोघं एका घरात राहू लागले. बाई निवृत्त झाल्या तरी गावात कोणी अडलं की त्यांनाच बोलावणं यायचं.

बाबा पंच्याहत्तरीला आले असतील तेव्हाची गोष्ट. मी मुलांना घेऊन गेले होते. बाई सकाळपासून कोणाच्या तरी सुनेकडे गेल्या होत्या. बाबा आणि मी ओटीवर बसलो होतो, ते शेंगा सोलत होते.

"तुझा हात त्या दिवशी चांगला होता," ते एकदम म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"बोट आली त्या सकाळी तू पडवीत बसून वेणी घालत होतीस. दोन्ही हातांनी. मी मनोऱ्यावर काचा पुसत होतो, तिथून दिसत होतीस."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

त्यांनी दाणे एका बाजूला केले, टरफलं दुसऱ्या.

"तिची ट्रंक मला तू यायच्या आधीपासून ठाऊक होती. केर काढताना लागायची." त्यांनी आणखी एक शेंग फोडली. "काय बोलणार होतो मी? जा म्हटलं असतं तर हाकलतोय असं वाटलं असतं तिला. आणि राहा म्हटलं असतं, तर राहिली असती."

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले. बाईंची यायची वेळ झाली होती.